'गो'चा भूतकाळ 'वेंट' कसा झाला?

प्रश्न असा आहे, की 'गो'चं भूतकाळी रूप 'वेंट' का? त्यात तर 'ग'चा मागमूसही नाही.

कारण ते मुळात 'गो'चं नाहीच. 'वेंड' म्हणजे वळणे, वाट धरणे, हे वेगळंच क्रियापद. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. जुन्या इंग्रजीत 'गो'साठी 'एओदे' हे रूप होतं (तेही उसनंच!). साधारण 15व्या शतकापर्यंत 'वेंट'ने त्याला हुसकावलं आणि बिचाऱ्या 'वेंड'ला 'वेंडेड'वर भागवावं लागलं.

इंग्रजीला हसण्याआधी आपलं घर बघा. मराठीतलं 'जातो' संस्कृत 'या' धातूतून आलं, 'गेलो' 'गम्'मधून. कोंकणीत 'हांव वता', पण 'हांव गेलों'. पणजीत पोर्तुगीज जाणणारं जुनं माणूस भेटलं तर त्याला विचारा: 'ईर' म्हणजे जाणे, 'वोउ' म्हणजे जातो आणि 'फुय' म्हणजे गेलो. त्यातही 'फुय'चा दुसरा अर्थ 'मी होतो'! संदर्भावरून ओळखायचं.

'गो'च्या अर्थांचं म्हणाल तर जाण्याशी संबंध कित्येकदा सुटलाय. 'आय ॲम गोइंग टू स्लीप' म्हणणारा आधीच खाटेवर असतो; तिथे 'गोइंग' फक्त भविष्यकाळ दाखवतं.