गाडीतल्या एलईडीचा रेझिस्टर 14.4 व्होल्ट धरून काढा

गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर हिशेब करून लावलेले तीन एलईडी मंद का पडत चाललेत, असं तुम्ही विचारलंय. रेझिस्टरची, म्हणजे करंटला आवर घालणाऱ्या भागाची, तुमची आकडेमोड बरोबर आहे. तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये (एकामागे एक), प्रत्येकी 3.2 प्रमाणे 9.6 व्होल्ट, बारातून उरले 2.4, त्याला 20 मिलिॲम्पिअरने भागलं की 120 ओहम. तरीही एलईडी मंद पडत चाललेत, कारण गाडीची बॅटरी 12 व्होल्टवर थांबत नाही.

इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) बॅटरी चार्ज करतो आणि व्होल्टेज साधारण 14.4 पर्यंत चढतो. एलईडी मात्र आपले 9.6 च्या आसपासच घेतात. वाढलेला व्होल्टेज जवळजवळ सगळा रेझिस्टरवर येतो: 2.4 चे 4.8 होतात आणि करंट 40 मिलिॲम्पिअरच्या घरात जातो. सप्लाय वाढला 20 टक्के, करंट झाला दुप्पट! 5 मिमीचा साधा एलईडी सतत 20 मिलिॲम्पिअरच्या वर चालवायचा नसतो. तो लगेच जळत नाही, आतून तापत तापत निकामी होतो.

नुसता 270 ओहम लावूनही एलईडी वाचतील, पण इंजिन बंद असताना करंट 9 मिलिॲम्पिअरवर येईल आणि उजेड बराच उतरेल. रेझिस्टरच्या वाट्याला व्होल्टेज कमी ठेवला की हे असंच होणार. म्हणून मी तुमच्या जागी दोन एलईडी सिरीजमध्ये जोडून त्यांची एक वेगळी फांदी करेन, 470 ओहम लावून. 12 व्होल्टला सुमारे 12 मिलिॲम्पिअर, 14.4 ला 17. तिसऱ्या एलईडीला स्वतंत्र 680 ओहम द्या; तिथे 13 आणि 16.5 येतात, म्हणजे तिन्हींचा उजेड सारखाच दिसेल.

सगळे पॅरलल (शेजारी-शेजारी, दोन्ही टोकं एकत्र) जोडून एकच रेझिस्टर लावायचा मोह टाळा. एकाच पाकिटातल्या एलईडींचे व्होल्टेजही थोडे वेगळे असतात. ज्याचा कमी, तो जास्त करंट ओढतो, तापतो, आणि तापल्यावर आणखी ओढतो.

वॅटेजही बघा. 680 वाल्यावर 14.4 ला 0.18 वॅट खर्च होतात. पाव वॅटचा चालेल, पण बंद डबीत अर्ध्या वॅटचाच बसवा. बॅटरीजवळ छोटा फ्यूज हवाच.

जोडून झाल्यावर इंजिन चालू ठेवून 470 ओहमच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. 9.4 व्होल्ट म्हणजे 20 मिलिॲम्पिअर. त्याहून जास्त दिसला तर 560 ओहम लावा.