खोगीर आणि खोगीरभरती

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे साडेतीन पानांचे पत्र मिळाले. त्यातली तीन पाने यादीची आहेत: शिकारीसाठी झाडाला टांगून बसायचे पट्टे म्हणजे चार सॅडल, खोडाला लावून पाय टेकायचे दोन प्लॅटफॉर्म, तीन जातींच्या दोऱ्या, त्यांची वजने, किमती, आणि शेवटी "काका, यांतले नेमके काय घेऊ?" हा प्रश्न. उरलेल्या अर्ध्या पानात, तेही ताजा कलम म्हणून, तू लिहितोस की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिशिगनमधल्या मॅनिस्टीच्या जंगलात झाडाच्या पाठीमागून आलेल्या हरणीकडे वळताना तुझा पाय प्लॅटफॉर्मच्या कडेवरून सटकला, तुला खोडाशी बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे टेदर, ढिला होता, दीडएक फूट खाली येऊन तू खोडावर आपटलास आणि आठवडाभर बरगड्या धरून कामावर गेलास. त्यापुढे एक वाक्य: "हे कृपया कोणाला सांगू नका."

यादी मी एकदा वाचली आणि ताजा कलम चार वेळा. माझे सांगणे एवढेच आहे की चुकले ते सांग, आणि मापासकट सांग. बाकीचे पत्र तू वाचले नाहीस तरी मला वाईट वाटणार नाही. पण तू वाचशील, कारण तुझ्या यादीचे उत्तर त्यातच कोठेतरी आहे.

या खेळातली खोगीरभरती तू अभ्यासलीस, खोगीर कसे तयार झाले ते मात्र पाहिले नाहीस. घोड्याऐवजी माणसाच्या बैठकीखाली बांधायचा हा पट्टा काही नवा नाही. अँडरसन नावाची झाडाला टांगायची झोळी फार पूर्वीपासून मिळत असे, आणि आपल्या मिशिगनचे जॉन एबरहार्ट 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशाच झोळीत लोंबकळत धनुष्याने हरणे मारत आले आहेत. पुढे ट्रॉफीलाइनचे सॅडल आले, ते काही वर्षे बाजारातून जवळजवळ दिसेनासे झाले आणि नंतर परतले. ओरेगनच्या न्यू ट्राइबने, जी मुळात झाडांवर चढणाऱ्यांसाठी पट्टे शिवत असे, शिकाऱ्यांसाठी एअरो हंटर या नावाने सॅडल काढली. 2018 मध्ये ग्रेग गॉडफ्री आणि एर्नी पॉवर यांनी टेथर्ड ही कंपनी सुरू केली, तिचे मँटिस हे सॅडल बाजारात आले, आणि मग दुकानांच्या भिंती या मालाने भरल्या. आज तुला वाटते की ही विद्या 2018 साली जन्मली. तिचे खरे शिक्षण त्याआधीच्या दुष्काळी वर्षांत झाले, जेव्हा चांगले सॅडल मिळणे मुश्कील होते आणि एकमेकांना कधी न भेटलेली, निरनिराळ्या राज्यांतली हौशी मंडळी रात्री जेवणे उरकल्यावर इंटरनेटवर एकमेकांना आपापल्या शिवणीची छायाचित्रे आणि मापे पाठवत असत. कोणी सुतार होता, कोणी झाडे छाटणारा, कोणी माझ्यासारखा गाड्यांच्या कारखान्यातला अभियंता. मारलेले हरीण ओढून आणायचा रुंद नायलॉनी पट्टा, ज्याला सिट-ड्रॅग म्हणतात, तो बुडाखाली घेऊन कोणीतरी पहिल्यांदा झाडाला टांगून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने लिहिले की बसायला उत्तम, मात्र वीस मिनिटांनी मांड्या बधिर होतात. ते "वीस मिनिटांनी" महत्त्वाचे होते. नुसते "उत्तम" लिहिले असते तर पुढे काहीच घडले नसते.

कमरेचा चिमटा आठव. सॅडलमध्ये मागे रेलल्यावर ब्रिजची, म्हणजे सॅडलच्या दोन्ही बाजू पुढून टेदरला जोडणाऱ्या दोरीची, दोन्ही टोके कमरेची हाडे आत दाबतात, आणि तासाभरात माणूस शिकार सोडून घरी जायचे बघतो. हा दोष एका माणसाने सोडवला नाही. एकाने लिहिले की ब्रिज तीन इंच लांब केल्यावर दाब कमी झाला. दुसऱ्याने लिहिले की त्याच्या कमरेला त्याचा उपयोग झाला नाही, त्याने ब्रिजची कडीच पुढे सरकवली. तिसऱ्याने एकाच रुंद पट्ट्याऐवजी दोन पट्टे केले, एक बुडाखाली आणि एक कमरेमागे, म्हणजे भार हवा तसा वाटता येतो. चौथा म्हणाला की दोन पट्ट्यांच्या फटीतून त्याचे मांस चिमटले जाते, आणि त्याने छायाचित्र जोडले, जे मी अजून विसरू शकलेलो नाही. तुझ्या यादीतल्या दोन सॅडलना दोन पट्टे आहेत. जाहिरातीत ते संशोधन म्हणून येते. माझ्या दृष्टीने ती त्या चौघांच्या दुखऱ्या कमरांची नोंद आहे.

गुडघ्यांना बांधायच्या गाद्या फरशी बसवणाऱ्यांकडून आल्या. मिशिगनच्या सरकारी जंगलात झाडाच्या सालीत घुसणारे स्क्रू लावता येत नाहीत, म्हणून खोडाभोवती पट्ट्याने आवळायच्या पायऱ्या लोकांनी गॅरेजमध्ये बनवल्या. दोरीवर हाताने सरकणारी आणि भार पडला की आवळणारी प्रुसिक गाठ तर कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये सांगितलेली. मी ती खंडाळ्याच्या नागफणीवर दोरावरून उतरताना शिकलो होतो, आणि तीस वर्षांनी तीच गाठ मला मिशिगनच्या एका ओकवर टेदरमध्ये भेटली तेव्हा जुन्या वर्गमित्राला पाहिल्यासारखे वाटले. शहाणपण असे चहूकडून गोळा झाले; पण ते टिकले याचे कारण प्रत्येकाने आपली फजिती लिहून ठेवली. माणूस घसरला की लिहीत असे: कोणती दोरी, किती जाड, दव होते की बर्फ, बूट कोणते.

आता माझे ऐक. हे मी आजवर तुझ्या काकूखेरीज कोणालाही सांगितलेले नाही.

2014 च्या उन्हाळ्यात मी स्वतःचे सॅडल शिवले. ब्रिजसाठी अ‍ॅमस्टील नावाची दोरी घेतली, जी मुळात बोटींसाठी आणि गाड्या ओढण्याच्या यंत्रांसाठी वापरतात. जाडीच्या मानाने तिची ताकद थक्क करणारी आहे, पण ती गुळगुळीत असते आणि तिच्यात मारलेली गाठ हळूहळू सरकते. म्हणूनच तिच्या टोकांना गाठ न मारता पोकळ विणीत टोक आत ओवून घ्यायचे असते. हे मला वाचून ठाऊक होते. तरीही मी गाठ मारली, कारण ओवायला वेळ लागला असता, माझा गाठींचा हात चांगला होता आणि नागफणीचा गर्व अजून अंगात होता. मोजमापांसह सुबक आराखडा काढून मी मंडळींना पाठवला. पुष्कळ कौतुक झाले.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी गाठीचे शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेले टोक, मोजले. चार इंच सोडले होते, ते सव्वादोन इंच उरले होते. मी त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नवा ब्रिज ओवून तयार केला, जुना कचऱ्यात टाकला, आणि कोणाला काही सांगितले नाही. पुढच्या वसंतात ओहायोतल्या एका मुलाने माझ्या आराखड्यावरून सॅडल शिवले. सुदैवाने तो शहाणा होता. आधी जमिनीपासून तीन फुटांवर बसून पाहत होता. गाठ सुटली, तो उताणा पडला आणि त्याचे मनगट मोडले. त्याने सगळे लिहिले: दोरीची जाडी, शेपटाची लांबी, किती वेळा बसला होता. शेवटी लिहिले की चूक बहुधा माझ्या गाठीची असावी. माझ्या म्हणजे त्याच्या. मी ते वाचले आणि उत्तर दिले नाही.

मी खोटे बोललो नाही, हे तुला मान्य करावे लागेल. मला कोणी विचारलेही नव्हते. शिवाय एकाच दोरीच्या एकाच गाठीवरून सार्वत्रिक विधान करू नये, असे आम्हाला कारखान्यात शिकवलेले, आणि मी आणखी दोन गाठी मारून महिनाभर वजन टांगून पाहणार होतो. पुरती खात्री झाल्यावर लिहिणारच होतो. कारखान्यात मी चाळीस जणांकडून बिघाडांच्या नोंदी लिहून घेत असे आणि एखाद्याने रकाना कोरा ठेवला तर त्याला परत पाठवत असे. घरी मात्र माझाच रकाना कोरा राहिला. हे लिहिताना लक्षात येते की मी अजूनही स्वतःची बाजू मांडतो आहे. असो. सव्वादोन इंच एवढे दोनच शब्द मी ऑक्टोबरमध्ये लिहिले असते तरी पुरे होते.

म्हणून तुझ्यावर चिडलो. तू म्हणतोस की लोक हसतील. हसतील, दोघेतिघे हसतील, आणि वीस जण आपापला टेदर काढून बघतील. तू म्हणतोस की नवशिक्याच्या पडण्यात शिकण्यासारखे काय असते. अरे, नवशिकाच तर पडतो! ज्याला वीस वर्षे झाली तो कोठे पाय ठेवू नये हे विसरून गेलेला असतो, कारण त्याचा पाय तेथे जातच नाही. हल्ली चित्रफितीत सगळे जण सफाईने चढतात, सफाईने उतरतात आणि शेवटी हरणाची शिंगे धरून हसतात. त्यांतून तू तीन पानांची यादी केलीस, आणि टेदर ढिला सोडू नये ही पहिली गोष्ट तुला बरगड्यांनी शिकवली.

त्या दीड फुटाचा हिशेबही नीट समजून घे. झटका किती बसतो हे पडण्याची उंची भागिले पडणे अडवणारी दोरी किती लांब, यावर ठरते. कड्यावर चढणाऱ्याच्या मागे वीस फूट ताणली जाणारी दोरी असते, ती झटका पिऊन टाकते. तुझ्या आणि झाडाच्या मध्ये जेमतेम दोन-अडीच फूट दोरी होती, आणि ती फार न ताणली जाणाऱ्या जातीची. म्हणजे दीड फूट हा आकडा दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. खोडाला वळसा घालून पाठीमागच्या बाजूला जाताना तू वर सरकतोस, टेदर खाली राहतो आणि मधे ढील येते. त्या बाजूला वळण्यापूर्वी प्रुसिक सरकवून ती ढील काढायची असते. ती का काढली नाहीस? हात मोकळा नव्हता? हातमोज्यांत गाठ सरकत नव्हती? की हरीण दिसल्यावर विसरलास? या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि "पाय घसरला" या दोन शब्दांत ती तिन्ही बुडून जातात. मापासकट सांग म्हणतो ते यासाठी.

यादीबद्दल, तुला राहवणार नाही म्हणून सांगतो. सॅडल सध्या आहे तेच ठेव. त्याचे वजन दीड पौंड असो की एक, तुझ्या पाठपिशवीतल्या थर्मासपुढे त्या फरकाची मातब्बरी नाही. प्लॅटफॉर्म बदलू नकोस, त्याच्या कडेला धरून राहील असे काहीतरी चिकटव. तिसरे सॅडल कमरेला चिमटा काढते, मी बसून पाहिले आहे. टेदर मात्र बाद कर, प्रुसिकच्या दोरीसह. एवढा झटका खाल्लेल्या दोरीवर पुन्हा जीव टांगायचा नाही, आणि यात मी वाद ऐकून घेणार नाही. नवी दोरी शंभर डॉलरांच्या आत येते.

बाद कर म्हणजे फेकू नकोस. प्रुसिक जेथे आवळली होती तेथे दोरी चकाकते का, कडक लागते का, हे बोटांनी पाहा. चकाकत असेल तर गाठ सरकताना तापली असे समज, आणि तो चकाकता पट्टा किती लांब आहे ते मोजून लिहून ठेव. प्लॅटफॉर्म जमिनीपासून किती उंचीवर होता, टेदर खोडाला कोठे बांधला होता, खोडाचा घेर किती होता, हेही आठवेल तेवढे लिही. नाही आठवले तर त्या झाडाकडे जाऊ. मोसम 1 जानेवारीपर्यंत आहे.

शनिवारी सकाळी ये. काकूने वरच्या फ्रीजरमध्ये हरणाचे मांस ठेवायला याही वर्षी मनाई केली आहे, तेव्हा तळघरातूनच ये. पट्टी आणि वही मी काढून ठेवली आहे. पहिल्या पानावर 2014 ची माझी नोंद आज लिहिली, आराखड्यासकट. शनिवारी मंडळींना ती पाठवायची आहे. ओहायोच्या त्या मुलाला मात्र वेगळे पत्र लिहावे लागेल, आणि त्याची पहिली ओळ कशी असावी हे मला अजून सुचलेले नाही. तुला सुचली तर सांग.

तुझा,
काका