बरड म्हणतात ती जमीन

प्रश्न : नमस्कार ताई. माण तालुक्यात डोंगराच्या उताराला आमची साडेचार एकर जमीन आहे, सगळी मुरमाड. आजोबांपासून तिथं मेंढरंच चरतात, दिवाळीच्या आसपास थोडं गवत कापतो, बास. पाऊस झाला की अर्ध्या तासात जमीन कोरडी, चपलेला चिखलसुद्धा लागत नाही. मृदा सर्वेक्षणाच्या नकाशात आमच्या भागाला 'उथळ, चांगल्या निचऱ्याची' असं लिहिलंय. गावात मात्र सगळे बरड म्हणतात. भाऊ म्हणतोय जेसीबी लावू, तलावातला गाळ आणून टाकू आणि कांदा करू. निचरा चांगला तर जमीन चांगली ना? मग तिथं काही येत का नाही?

उत्तर : दादा, येत नाही कसं, गवत येतंय की! तीन पिढ्या मेंढरं जगली त्या जमिनीवर, माणसारख्या जेमतेम 500 मिलिमीटर पावसाच्या तालुक्यात, याला काही येत नाही म्हणायचं का? भावाने जेसीबी सांगितला नसेल तर अजून सांगू देऊ नका, आधी हे वाचा.

निचरा म्हणजे मातीत शिरलेलं जास्तीचं पाणी किती सहज खाली निघून जातं ते. आणि माती पाणी धरून किती ठेवते ती गोष्ट वेगळी. मीटरभर खोल काळी माती पिकाला उपयोगी पडेल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी पोटात ठेवते, तुमची फूटभर मुरमाड जमीन ठेवणार फार तर तीस-चाळीस. म्हणजे नकाशात लिहिलंय ते बरोबर आहे आणि कांदा येणार नाही हेही बरोबर आहे. दोन आठवडे पावसाने ताण दिला की कांदा मान टाकतो, पण माळावरचं पवन्या गवत नाही टाकत, ते पिवळं पडून थांबतं आणि पुढची सर आली की परत फुटतं.

खरंतर तुमचा उतार आणि खालची ओढ्याकाठची काळी रानं एकाच दगडाची लेकरं आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण कुजला, त्याचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली, त्यातली बारीक चिकणमाती पावसाबरोबर खाली गेली आणि जाडी, खड्याची तेवढी वर राहिली. म्हणून माथ्यावर खडक, उतारावर मुरमाड, पायथ्याला मध्यम आणि ओढ्याला काळी, ही उतरंड सगळ्या देशावर दिसते.

आता तुमच्या 'अर्ध्या तासात कोरडी' बद्दल. इथं मला शंका आहे आणि ती तुम्ही स्वतःच तपासायची आहे. जमीन वरून लवकर सुकते याची कारणं दोन असू शकतात, एक म्हणजे पाणी आत मुरलं, आणि दुसरं म्हणजे पाणी आत गेलंच नाही, वरच्यावर वाहून गेलं. दोन्हीकडे चपलेला चिखल लागणार नाही! पुढच्या चांगल्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी कुदळीने खणून ओल किती खोल गेलीय ते बघा. वीतभर तरी ओल असेल तर निचरा खरा. दोन बोटांखाली कोरडं असेल तर मेंढरांच्या खुरांनी वरचा थर दाबून कडक झालाय असं समजा. आणखी खुणा म्हणजे गवताचे ठोंब आजूबाजूच्या मातीपेक्षा उंच, ओट्यावर बसल्यासारखे दिसतात, मुळं उघडी पडतात, वर नुसते खडे उरतात, बोटभर ओघळी पडायला लागतात. हे दिसलं तर माती चाललीय तुमची, आणि इंचभर माती परत व्हायला शेकडो वर्षं लागतात हो.

ओल बघितली की त्याच जागी दीड फूट खोल खड्डा घ्या, म्हणजे खालपर्यंत काय आहे ते कळेल. पहिलं रंग बघा. वरपासून खालपर्यंत तांबूस-तपकिरी असेल तर मातीत हवा खेळते, लोह गंजल्यासारखं तांबडं राहतं. जिथं पाणी साठून राहतं तिथं माती राखाडी होते आणि तिच्यात गंजाचे ठिपके दिसतात. मग ओली माती बोटांत दाबून पट्टी काढून बघा, तुमची लगेच तुटेल, काळ्या मातीची लांब निघते. उन्हाळ्यात तुमच्या रानाला काळ्या रानासारख्या भेगा पडत नसणार. गवताची मुळं कुठवर गेलीत तेही बघा, मुरमाच्या फटीत शिरलेली दिसली तर फार चांगलं. खाली पांढरे खडे लागले तर त्यावर लिंबू पिळा, फसफसलं तर चुनखडी. शेवटी खड्डा पाण्याने भरा, मुरू द्या, परत भरा आणि घड्याळ लावा, तासाला दोन-तीन इंच पाणी उतरलं तर निचरा उत्तम.

गाळाचं सांगते. सपाट शेतात गाळ टाकणं चांगलंच, पण उतारावर नांगरून मोकळ्या केलेल्या रानात टाकलेला गाळ पहिल्या दोन वळवात परत तलावात जाईल, भाड्याचे पैसे तुमचे गेले. टिकला तरी चिकण गाळ वर आणि जाडा मुरूम खाली अशा जोडीत पाणी सांध्यावर अडतं, गाळ पुरता भिजल्याशिवाय खाली उतरत नाही, म्हणजे आहे तो निचराही बिघडवून बसाल. पायथ्याला एखादा एकर जरा खोल असेल तर तिथं डाळिंब किंवा सीताफळाचा विचार करा, आटपाडी-सांगोल्याकडे डाळिंब हलक्या मुरमाड जमिनीतच घेतात, मुळाशी पाणी साठलं तर त्या झाडाला मर लागते.

बाकी तीन-साडेतीन एकर गवतालाच ठेवा, नांगर घालू नका. तुकडे पाडा आणि दरवर्षी एक तुकडा जून ते ऑक्टोबर पूर्ण बंद ठेवा. उताराला आडवे दगडाचे बांध घाला, दगड तिथं आहेतच. हिवरे बाजारने चराईबंदी केली आणि गवत कापून न्यायचं ठरवलं, तेही आपल्यासारखंच कमी पावसाचं गाव. मेंढरं हाकलून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांच्या लेंड्यांवरच ते रान जगलंय, फक्त गवत कोवळं असताना आणि माती ओली असताना त्यांना तिथं नेऊ नका.

प्रश्न : कासचं पठारही डोंगरावर आहे आणि सातारा जिल्ह्यातच आहे, तिथं पावसाळ्यात डबकी का साचतात?

उत्तर : डोंगर असला म्हणून निचरा असतोच असं नाही. कासला वर जांभ्याचा सपाट कातळ आहे, त्यावर मातीचा थर अगदी पातळ, पाण्याला खाली जायला वाट नाही आणि पाऊस माणच्या कितीतरी पट. त्या साचलेल्या पाण्यात, पातळ मातीत जगणारी फुलंच तिथं येतात. उतार, मातीची खोली आणि खालचा खडक, तिन्ही बघावं लागतं.

प्रश्न : आमच्या माळावर आता नुसतं कुसळ उरलंय, मेंढरांच्या तोंडाला आणि लोकरीला टोचतं. चांगलं गवत परत आणता येईल का?

उत्तर : येईल, पण एका वर्षात नाही. कुसळ फुलोऱ्यात यायच्या आधी कापा, तेव्हा ते चारा म्हणून चालतं आणि बीही पडत नाही. जवळपास एखाद्या बांधावर किंवा देवराईत पवन्या, डोंगरी, मारवेल शिल्लक असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचं बी ओरबाडून आणा. मारवेल जरा खोल मातीत लावा, उथळ जागी पवन्या. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, कोरड्या जागी ठेवून पुढच्या जूनला वापरा, शेण-मातीत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा नाहीतर वाऱ्याने उडून जातं. गोळ्या दगडी बांधाच्या वरच्या अंगाला टाका, तिथं आधीच थोडी माती आणि ओल अडलेली असते.