दुसऱ्या महायुद्धात नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेलं 'वेदेम' हे चेक साप्ताहिक खरंच होतं का? आणि त्याच्या संपादकाचा 'कोलंबिया' अंतराळयानाशी काय संबंध?

हो, खरंच होतं. फक्त साप्ताहिक म्हटलं की छापखाना डोळ्यांसमोर येतो, तो आधी पुसून टाका. आपल्याकडे शाळेत हस्तलिखित निघतं ना, तसं हे. प्रत एकच. पण आमच्या शाळेचं वर्षाला एक निघताना मारामार व्हायची आणि ही पोरं दर आठवड्याला अंक काढत होती!

प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर तेरेझीन हे तटबंदीचं गाव आहे. नाझींनी तिथल्या रहिवाशांना हलवून ज्यूंना कोंडलं. एल ४१७ ही इमारत मूळची शाळाच. तिथल्या 'एक नंबर' खोलीत तेराचौदा वर्षांची मुलं तीनमजली फळ्यांवर झोपायची. वाल्टर आयझिंगर हे त्यांचे शिक्षक. मुलांनी खोलीचं स्वतःचं 'श्कीद' नावाचं प्रजासत्ताक केलं. डिसेंबर १९४२मध्ये 'वेदेम' सुरू झालं. अर्थ साधारण 'आम्ही पुढे आहोत'.

संपादक पेत्र गिन्झ, वय चौदा. सुरुवातीचे अंक टाइप केलेले, पुढे रिबन संपली तेव्हा सगळं हाताने. कविता, चित्रं, टवाळी, शिवाय गावात फिरून लिहिलेली वार्तापत्रं. त्यात बेकरी होती, तसं शवदाहगृहही होतं. शुक्रवारी संध्याकाळी अंक मोठ्याने वाचला जायचा.

मला सगळ्यात जवळची वाटते ती पेत्रची अडचण: मुलं मजकूरच देत नसत. मग हा आपल्या पार्सलातला खाऊ देऊन लेख मिळवायचा, आणि तरी पानं उरली तर टोपणनावाने स्वतःच लिहायचा. ज्यानं हस्तलिखितासाठी वर्गमित्रांच्या मागे तगादा लावलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पण उपासमारीच्या छावणीत खाऊचा तुकडा म्हणजे काय, हे लक्षात घ्या.

१९४४च्या शरद ऋतूत बहुतेकांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं, पेत्रलाही. त्या खोलीतून गेलेल्या शंभरेक मुलांपैकी पंधराच्या आसपास वाचली. आयझिंगरही परतले नाहीत. त्याच खोलीतला झ्डेनेक टाउसिग मात्र शेवटपर्यंत तेरेझीनमध्ये राहिला. वडील तिथे लोहारकाम करत, म्हणून. त्यानेच सुमारे ८०० पानं लपवून ठेवली आणि युद्धानंतर बाहेर काढली. कम्युनिस्ट राजवटीत ती छापून येऊ शकली नाहीत; निवडक मजकुराचं पुस्तक यायला १९९० नंतरचा काळ उजाडला.

आता 'कोलंबिया'बद्दल, कारण तुम्ही तेही विचारलंय. पेत्रने चंद्रावरून दिसणारी पृथ्वी काढली होती. त्या चित्राची प्रत इस्रायली अंतराळवीर इलान रामोन सोबत घेऊन गेले. यान कोसळलं १ फेब्रुवारी २००३ला. आपली कल्पना चावला त्यातच होती. आणि पेत्रचा जन्म १ फेब्रुवारी १९२८चा. त्या बातम्यांमुळे प्रागमधल्या एकाला आपल्या घरात सापडलेल्या जुन्या वह्या आठवल्या. त्या पेत्रच्या डायऱ्या निघाल्या, छावणीत जाण्यापूर्वीच्या.