अंतर्गळाची शस्त्रक्रिया आणि जखमेत पू होण्याची भीती

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे असून आयुष्यभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या मासेमारीच्या मोठ्या जाळ्यावर, काम करीत आले आहेत. त्यांच्या उजव्या जांघेत अंतर्गळ, म्हणजे हर्निया आहे आणि डॉक्टरांनी जाळी (कमकुवत जागेला आधार देणारा कृत्रिम जाळीदार तुकडा) बसवून शस्त्रक्रिया करण्यास सांगितले आहे. त्यांना मधुमेह आहे, विडीही ओढतात. वाडीतील एका गृहस्थांच्या अशाच जखमेत पू झाला होता, म्हणून ‘जाळी नको आणि पावसाळ्यात तर नकोच’ असे घरातील सर्वांचे मत आहे. काय करावे?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : आपल्या घरच्यांची भीती अनाठायी नाही, पण तिचा रोख चुकला आहे. जांघेतील अंतर्गळाची ठरवून केलेली शस्त्रक्रिया ही स्वच्छ शस्त्रक्रियांमध्ये मोडते आणि तिच्यात जंतुसंसर्गाचे प्रमाण कमीच असते. जाळीमुळे अंतर्गळ पुन्हा उद्भवण्याची शक्यता घटते. मात्र संसर्ग जाळीपर्यंत पोहोचला तर तो चिवट ठरतो आणि क्वचित काही महिन्यांनीही डोके वर काढतो, हे खरे आहे.

आपल्या वडिलांच्या बाबतीत खरी काळजी आहे ती साखरेची आणि विडीची. रक्तातील साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, आणि म्हणूनच तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ८ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत अनेक शल्यचिकित्सक घाई नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. विडीने रक्तवाहिन्या आकसतात व जखमेला प्राणवायू कमी मिळतो. ती निदान चार आठवडे आधी बंद व्हायला हवी. विडी सोडली म्हणून तंबाखू मळायला बसणे हा काही उपाय नव्हे, निकोटीन त्यातही असतेच. स्थूलपणा, रक्तक्षय, स्टेरॉइडची औषधे किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा होणारी शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

पावसाळ्याबाबत म्हणाल, तर महिन्यापेक्षा कातडीकडे पाहावे. ओल्या कपड्यांत दिवसभर वावरणाऱ्यांच्या जांघेत गजकर्ण हमखास आढळते, आणि खाजवून सोललेल्या त्या जागेशेजारीच छेद घ्यायचा असतो; ते आधी पूर्ण बरे करून घ्यावे. आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत, कारण त्याने पडणाऱ्या बारीक चिरांमध्ये जंतू वाढतात. गरज भासल्यास रुग्णालयात यंत्राने केस कापतात. त्या दिवशी साबण लावून आंघोळ मात्र अवश्य करावी.

जखमेवर हळद किंवा प्रतिजैविकाची पूड दाबू नये. टाक्यांची जागा भरेपर्यंत समुद्रात, नदीत वा तळीत उतरू नये, आणि रापण ओढण्यास डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत हात लावू नये. पहिल्या काही दिवसांत वृषणाकडे निळसर डाग दिसणे किंवा छेदाखाली पाणी साचून मऊ फुगवटा येणे म्हणजे संसर्ग नव्हे. मात्र दुखणे उतरण्याऐवजी वाढू लागले, लाली पसरली, ताप आला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दाखवावे.

साखर आटोक्यात येईपर्यंत थांबणे योग्य आहे, भीतीपोटी वर्षानुवर्षे थांबणे नाही. आतडे अडकून कुजू लागले तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यात संसर्गाचा धोका कितीतरी अधिक असतो. फुगवटा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला व उलट्या सुरू झाल्या, तर पावसाची उघडीप न पाहता वडिलांना थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.