वाकडे खांब, चुन्याच्या भिंती

प्रश्न : इंग्लंडमध्ये वुस्टरशर काउंटीतल्या ब्रेटफर्टन गावचा ‘फ्लीस इन’ हा जुना पब पाहिला. खांब वाकडे, भिंती कललेल्या. हे उभं राहतं कसं? आणि तडे सिमेंटनं भरले तर बिघडतं काय?

उत्तर : ‘फ्लीस’ मुळात मध्ययुगीन शेतघर. तिथे पब झाला १८४८ मध्ये; १९७७ पासून वास्तू नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आहे. अशा घरांचा भार भिंती नव्हे, ओकचा सांगाडा पेलतो. सुकलेला ओक तासायला फार कठीण, म्हणून सुतार तो ओलाच घडवत. एका लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार ओकची खुंटी ठोकत. कुसवातलं भोक खाचेच्या भोकापासून मुद्दाम जरासं सरकवून पाडलेलं असे, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आवळला जाई. पुढे लाकूड सुकताना आकसतं, पिळवटतं. वाकडेपणा बराचसा तिथलाच. तो थांबलेला असेल तर सरळ करायच्या भानगडीत पडू नये.

खांबांमधली जागा कुडानं भरलेली असते : ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझल या झुडपाच्या लवचीक फांद्या, वर माती-पेंढा-शेण. कोकणातला कारवीचा कूड पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्यावर चुन्याचा गिलावा. सांगाडा ऋतूंप्रमाणे हलतो. चुना ते थोडंफार सोसतो, सिमेंट सोसत नाही. लाकडालगत बारीक फट पडते, तिच्यातून पाऊस आत शिरतो आणि सिमेंटमागे अडकतो. मग जोत्यावरचं आडवं लाकूड आधी कुजतं आणि कुजक्या ओकमध्ये डेथवॉच हा लाकूड पोखरणारा भुंगेरा घर करतो. बाहेरून मात्र भिंत ठणठणीत!

दुरुस्तीला एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग टोकेरी (खरखरीत कणांची) वाळू आणि जनावराचे केस. जागा आधी ओली करावी. थर दहा मिलिमीटरपेक्षा जाड नको, जाड थर चिरतो. काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवावं. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवावं, ओला गिलावा गोठला की सुटतो. वर चुन्याचीच सफेदी. प्लॅस्टिक रंग सिमेंटसारखाच ओल कोंडतो. इमारत ‘लिस्टेड’, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत, असेल तर आधी स्थानिक कौन्सिलला विचारावं. परवानगीविना तिचं रूप बदलणं तिथे फौजदारी गुन्हा आहे.

प्रश्न : अशा पबमध्ये छत एवढं बुटकं का? आणि लाकूड काळं का?

उत्तर : यातली बरीच घरं आधी छपरापर्यंत मोकळी होती, चूल जमिनीच्या मधोमध. सोळाव्या-सतराव्या शतकांत विटांची किंवा दगडी धुराडी आली, धूर हटला, आणि त्याच उंचीत मधे माळा घातला गेला. काळा रंग बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली हौस; बाहेरचा ओक नुसता ठेवला तर राखाडी पडतो. पण माळ्यावरच्या वाशांना काजळी दिसली तर ती खरवडू नका, घर एकेकाळी मोकळं होतं याचा तोच पुरावा.