प्रार्थनेला बसले की डोळा लागतो

प्रश्न : सलाम ताई. मी 46 वर्षांची, नगर जिल्ह्यातली. लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढले, संडे स्कूल घेतलं, अजून क्वायरमध्ये गाते. दीड वर्षापासून सासूबाई पॅरालिसिसने अंथरुणाला खिळून आहेत, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, सकाळी परत ड्युटी. आता शास्त्र, म्हणजे बायबल उघडलं की ओळी नुसत्या डोळ्यांपुढून सरकतात आणि गुडघे टेकले की तिथंच डोळा लागतो. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या विश्वास कमी पडतोय, तीन दिवस उपास-प्रार्थना कर. केली, तर आणखीनच गळून गेले. देव माझ्यावर नाराज आहे का? पूर्वीची ताकद परत कशी येईल?

उत्तर : सलाम. आधी जेवलीस का सांग. चेष्टा नाही करत, शास्त्रातल्या एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत देवदूत आल्यावर पहिलं हेच झालंय.

तू संडे स्कूलमध्ये ही गोष्ट शिकवली असशीलच, पण आपण मुलांना कर्मेल डोंगरावरचा भाग रंगवून सांगतो, बआल दैवताचे 450 संदेष्टे एकीकडे, एलीया एकटा एकीकडे, आकाशातून अग्नी, मग पाऊस, आणि तिथंच थांबतो. पुढचा अध्याय, 1 राजे 19, तो घाईत उरकतो कारण त्यात आपला हिरो रडतोय ना! ईजबेल राणीचा निरोप आला की उद्या तुला मारते, आणि काल एवढ्या जमावापुढे उभा राहिलेला माणूस जीव घेऊन पळाला, पार दक्षिणेला बैर-शेबापर्यंत, तिथं सोबतच्या नोकराला पण मागे ठेवलं आणि एकटाच आणखी एक दिवस वाळवंटात चालत गेला. एका झुडपाखाली बसला, देवाला म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपला.

प्रार्थना केली आणि झोपला, बघ. तुझ्यासारखंच.

आता देव काय करतो ते नीट वाच. रागावत नाही, विश्वास कमी पडतोय म्हणत नाही, उपास तर नाहीच नाही. दूत येऊन हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. हा खातो, पितो आणि परत आडवा होतो, आणि त्याला आडवं होऊ दिलं जातं! मग दूत दुसऱ्यांदा येतो, परत हात लावतो, म्हणतो खा, वाट तुला झेपणारी नाही. त्या खाण्याच्या बळावर तो 40 दिवस 40 रात्री होरेबपर्यंत, देवाच्या डोंगरापर्यंत चालला. तुझ्या 'ताकद कशी येईल'ला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही, ती झोपेतून आली, भाकरीतून आली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातून आली.

होरेबला पोचल्यावर देव विचारतो, इथं काय करतोस? एलीया गाऱ्हाणं सांगतो, मी एकटाच उरलोय आणि माझ्या पण जिवावर उठलेत. वारा होतो, भूकंप होतो, अग्नी होतो, मग ती शांत मंद वाणी, आणि परत तोच प्रश्न. आणि हा बाबा परत तेच उत्तर देतो, जवळजवळ शब्दाला शब्द! एवढं सगळं बघून सुद्धा गाडी तिथंच. म्हणून तू रोज तेच तेच रडगाणं देवापुढे गातेस याची लाज वाटून घेऊ नकोस. देवाने त्यावर त्याला काम दिलं, सोबतीला अलीशा नावाचा शिष्य दिला आणि सांगितलं की बआलपुढे गुडघे न टेकलेले अजून 7000 आहेत, तू एकटा नाहीस.

माझं सांगते. आमच्या ह्यांचं आजारपण चाललं होतं तेव्हा घरी प्रार्थना करायला बरेच लोक येऊन गेले, कुणी काय प्रार्थना केली आज एकही शब्द आठवत नाही. आठवते ती महिला मंडळातली एक बाई, पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली, मला म्हणाली तू खा, आणि मोरीत साचलेली भांडी घासून गेली. प्रार्थना केलीच नाही तिने. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग पाच तास झोपले आणि सकाळी आपोआप तोंडून निघालं, प्रभू, थँक्यू. एवढीच प्रार्थना, पण खरी.

दौंडजवळच्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचं पण आपण असंच अर्धवट सांगतो. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं, तब्येत खालावलेली, तरी हिब्रू-ग्रीकवरून मराठी शास्त्राच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. आपण म्हणतो काय ती शक्ती! होतीच. पण टाइप जुळवायला, छापायला त्यांच्याच आश्रमातल्या, मुक्ती मिशनमधल्या बायका-मुली होत्या, ते सांगायचं राहून जातं.

आता कामाचं. उपास बंद. डॉक्टरांकडे जाऊन झोप, थकवा, मन लागत नाही हे सगळं स्पष्ट सांग, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घे, औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. नणंद-दीर असतील तर आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्या, हे नवऱ्याला बोलू दे, तू नको बोलूस. शास्त्र वाचवत नसेल तर स्तोत्र 88 तेवढं उघड, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ सुद्धा नाही, तरी ते शास्त्रात आहे. नाहीच जमलं तर झोपताना 'प्रभू, मी दमले' एवढं म्हण आणि खुशाल झोप.

क्वायरला दोन महिने सुट्टी सांग, मागच्या बाकावर बस, बाकीचे गातील. आणि कुणी डबा आणला तर 'अगं कशाला' म्हणू नकोस, घे. परत देताना त्यात काही घालायला जमलं नाही तर रिकामाच दे.